पॅलिओ १.६ जीटीएक्स : एका सर्व्हेयर बाईचा रिव्ह्यू

फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स. मॉडेल २००२, पेट्रोल, पाच गिअर, पासिंग एमएच-१५. मालक नंबर दोन, म्हणजे मी. आरसी बुकात रंग लाल लिहिलाय. बॉनेट आणि छत उन्हानं विटून आता विटकरी झालंय, पण आरटीओला त्याचं काही देणंघेणं नाही.

निकाल आधी सांगते, कारणं नंतर. आमचे सर्व्हे रिपोर्ट वाचणारे साहेब शेवटचं पान आधी उघडतात, त्यामुळे मला तीच सवय लागलीय. चालवायला, या पैशात, हिच्यापुढे मला अजून दुसरी गाडी दिसलेली नाही. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर राहू द्या, सोनं घ्या. आणि क्लासिक होईल का, तर माझ्या मते होईल. फक्त ज्या वर्षी होईल त्या वर्षी ही गाडी वणीच्या घाटात न्यायची कुणाची छाती होणार नाही, कारण वाटेत एक दिवा फुटला तर दुसरा मिळणार नाही. हिला भाव येईल तेव्हा ती चालवता येणार नाही, आणि चालवता येते तोवर तिला भाव नाही. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मी वाहन विम्याची सर्व्हेयर आहे. अपघात झाला की कंपनी मला पाठवते. नाशिक, सिन्नर, निफाड, कधी येवला. गाडीभोवती फिरायचं, खाली वाकायचं, फोटो काढायचे, कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला ठोकून सरळ होतो ते ठरवायचं. गॅरेजवाले पहिल्या भेटीत माझ्यामागे ‘साहेब’ कुठे आहेत ते शोधतात, दुसऱ्या भेटीपासून ‘ताई’ म्हणतात. गाडीची किंमत ठरवणं हाच धंदा असल्यामुळे ‘हिला आता भाव येतोय’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

आणि ते हल्ली फार ऐकू येतं. पाथर्डी फाट्याच्या पंपावर हवा भरताना दोन पोरं आली, पंचविशीच्या आतली. “काकू, ही वन पॉइंट सिक्स आहे ना? देता का?” म्हटलं, बाळांनो, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हाची गाडी आहे ही. त्यांना इंजिनचं नाव माहीत, घोडे माहीत, कुठल्या सालापासून कुठला बंपर आला तेही तोंडपाठ. पाच-सहा वर्षांपूर्वी हीच गाडी विकायला काढली असती तर एजंटानं तोंड वाकडं करून भंगाराच्या वर थोडे पैसे टेकवले असते. आता जाहिरातीत बऱ्या अवस्थेतल्या १.६ ला दोन-दोन लाख मागतात. मागतात म्हटलंय मी. देतात किती, तो वेगळा विषय.

आता कुणी म्हणेल, ही कसली स्पोर्ट्स कार? पाच दरवाजे, मागे कपड्यांची बॅग आणि वर द्राक्षाची दोन खोकी. कागदावर नाहीच. पण आपल्याकडे जुनी इटालियन स्पोर्ट्स कार आणायची म्हटलं तर कायदाच आडवा येतो. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. म्हणजे नव्वदच्या दशकातली एखादी अल्फा रोमिओ किंवा लान्चिया मनात कितीही असली तरी मनातच राहते. राहिलं काय, तर इथे बनलेलं. अकराशे म्हणजेच पद्मिनी, मग ११८ एनई, उनो, सिएना, पॅलिओ, आणि शेवटी लिनिया, पुन्टो. या रांगेत ज्या गाडीनं पहिल्यांदा मध्यमवर्गीय माणसाच्या उजव्या पायाखाली काहीतरी ठेवलं ती ही. २००१ च्या सप्टेंबरात पॅलिओ इथे आली तेव्हा लोक झेन, सँट्रो, इंडिकाच्या साठ-सत्तर घोड्यांवर खूश होते. १.६ मध्ये सोळा व्हॉल्व्हचं १५९६ सीसीचं इंजिन आणि शंभर घोडे. १.२ वाल्याला त्र्याहत्तर.

मूळ गाडी ब्राझीलची. फियाटनं ‘प्रोजेक्ट १७८’ या नावानं जगभरच्या उष्ण, खडबडीत देशांसाठी एक गाडी आखली आणि १९९६ मध्ये ती आधी ब्राझीलच्या बेतिममध्ये आणली. आपल्याला मिळाली ती जॉर्जेतो जुजारोनं नव्यानं चेहरा दिलेली. म्हणून आजही समोरून बघितली तर ती ओळखू येते. त्या काळच्या बाकीच्या हॅचबॅक एकमेकींत मिसळून गेल्यात. बनायची कुर्ल्याला, प्रीमियरच्या जुन्या कारखान्यात.

ही प्रीमियर वालचंद हिराचंदांची, १९४४ ची. त्याच शेठनी १९३३ मध्ये आपल्या जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना काढला होता. लहानपणी खाल्लेली रावळगावची गोळी आणि कुर्ल्याची फियाट एकाच घरातल्या, हे इकडे सांगितलं तर अर्ध्या लोकांना पटत नाही. असो, विषय पॅलिओचा.

पॅलिओची जाहिरात करायचा सचिन तेंडुलकर. २००२ मध्ये त्यानं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून फियाटच्या मार्फत त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. सिल्व्हरस्टोनला शूमाकरनं स्वतः चावी दिली. मग तिच्यावरची कस्टम ड्युटी माफ करायची की नाही यावर इथे महाभारत झालं आणि शेवटी ती फियाटनं भरली. पुढे सचिननं ती सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. हे सांगायचं कारण असं की त्या ३६० बद्दलही जगात आज हाच वाद चालतो : क्लासिक की नुसतीच जुनी? ३.६ लिटर व्ही-८, ४०० घोडे, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची चौकट, १९९९ ते २००५ मध्ये बनलेली. जास्तीत जास्त लोकांनी तेव्हा एफ-१ पद्धतीचा, स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलायचा गिअरबॉक्स घेतला, कारण तो आधुनिक वाटायचा. आज लोक दांड्याची गाडी शोधतात, खाचांची धातूची पट्टी असलेली, आणि तिला वरचे पैसे देतात. तेव्हा जे कमी लोकांनी मागितलं ते आता दुर्मीळ. पॅलिओतही तेच झालं. लोकांनी १.२ घेतली, १.६ पेट्रोल पिते म्हणून सोडली, आणि आता सगळे १.६ शोधत फिरतायत.

सचिनच्या नावाची एस-१० पॅलिओही आली होती, फक्त ५०० गाड्या. तिला खरंच संग्राहक विचारतात. पण माझा धंदा संशयाचा आहे, म्हणून सांगते : पिवळा रंग आणि स्टिकर म्हणजे एस-१० नव्हे. रंग नाशिकच्या द्वारका चौकातल्या कुठल्याही पेंटरकडे मिळतो. जुनं इन्व्हॉइस, सर्व्हिस बुक, आरसीवरचा मूळ रंग आणि चॅसी नंबर एकमेकांशी बोलत नसतील तर ती साधी पॅलिओ समजूनच पैसे मोजा.

आता चालवण्याबद्दल, कारण हिचा खरा रिव्ह्यू तिथेच आहे.

शहरात ही गाडी तुम्हाला आवडणार नाही. क्लच जड, पहिल्या गिअरमध्ये सीबीएस ते शालिमार हे अंतर म्हणजे पिंडरीचा व्यायाम. गिअरचा दांडा लांब आणि सैल. खिचडीत डाव फिरवावा तसा तो फिरतो आणि शेवटी कुठेतरी बसतो. गंगापूर रोडवर संध्याकाळी साडेसातला एसी लावून रांगेत उभं राहिलात की इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. शहरात मला लिटरला आठ-नऊ मिळतात, हायवेला हात आवरला तर बारा-तेरा. मागच्या काचेतून रिव्हर्स घेताना मान आखडते. प्लास्टिक कडक आहे, आणि दर पावसाळ्यात डॅशबोर्डमधून एक नवा आवाज यायला लागतो.

मग एका रविवारी पहाटे ती त्र्यंबक रोडला काढा. त्र्यंबकेश्वर मागे टाकलं की जव्हारकडे जाताना तोरंगणचा घाट लागतो. त्या रस्त्यावर दुसरा गिअर, साडेतीन हजाराच्या पुढे सुई गेली की इंजिनचा सूर बदलतो. टर्बोच्या गाड्यांसारखा धक्का नाही. आवाज चढत जातो आणि त्याच्याबरोबर ताकद, सरळ रेषेत, वरपर्यंत. तिथे मला कळतं की गिअर बदलायची घाई करायची नसते. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, नव्या गाड्यांसारखं विजेच्या मोटरचं नाही, त्यामुळे चाकाखाली खडी आली, ओल आली, डांबराचा पोत बदलला की ते हाताला सांगतं. वळणात गाडी थोडी कलते, मग स्थिर होते आणि तशीच राहते. आजच्या बऱ्याच मोठ्या एसयूव्ही त्याच वळणात मला घाबरवतात, आणि माझं काम म्हणजे त्या एसयूव्ही वळणाबाहेर गेल्यावर बघणं.

वणीला जाताना नांदुरीच्या घाटात हेच, फक्त तिथे देवीच्या भाविकांची गर्दी असते, त्यामुळे जपून. कसारा घाटात ट्रकांमागे अडकून काही कळत नाही. समृद्धीवर इगतपुरीहून एकशेवीसनं धरली तर गाडी दगडासारखी स्थिर असते, पण वाऱ्याचा आवाज आणि पाचव्या गिअरमध्येही वरच्या पट्टीत गाणारं इंजिन, यामुळे शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. ही त्या रस्त्याची गाडी नाही. तिथे माझ्या भाच्याची नवी गाडी घेऊन जा आणि झोपा.

ब्रेक? चांगले, जोवर होज पाईप नवे आहेत तोवर. सीट? उत्तम. देवळाली कॅम्पातल्या ज्या तोफखान्याच्या साहेबांकडून मी ही घेतली ते सहा फुटी होते आणि मी पाच फूट एक इंच. दोघांनाही बसता आलं. दार लावल्यावर जो आवाज येतो त्यासाठी काही लोक ही गाडी घेतात. मी हसायचे त्यांना. पण अपघातातल्या पत्र्याची जाडी रोज बघितल्यावर त्या आवाजाची किंमत कळते.

बदलीच्या वेळी साहेबांनी सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावून दिल्या होत्या. मी गाडी त्या फाइलसाठी घेतली म्हटलं तरी चालेल.

आता मुद्द्याचं, पार्ट.

द्वारकेजवळचा माझा मेकॅनिक एकदा म्हणाला, “ताई, हिचं इंजिन नाही मरत. हिची लाइट मरते, काचेचं बटण मरतं, हँडल मरतं.” माझ्या पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीचं सार त्यानं एका वाक्यात सांगितलं. विम्यात घसाऱ्याचा तक्ता असतो. अपघातात रबर, नायलॉन, प्लास्टिकचा पार्ट बदलला की पहिल्या दिवसापासून पन्नास टक्के कापायचे. फायबरला तीस. काचेला शून्य. लोखंडी भागाला गाडीच्या वयाप्रमाणे, दहा वर्षांनंतर तिथेही पन्नास. लोक या तक्त्याला शिव्या घालतात, पण जुनी गाडी सांभाळणाऱ्यानं तो भिंतीवर लावावा. गाडी कुठून मरते ते त्यात लिहिलंय.

नाशिकमध्ये लोखंडाची चिंता नाही. सातपूर आणि अंबडला इतके लेथवाले आहेत, मिको आणि महिंद्राला माल देऊन देऊन त्यांचा हात असा बसलाय, की बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट काहीही नमुना दाखवला तर तासून मिळतं. सस्पेन्शनचे रबरी बुश एकानं मला पॉलियुरेथेनमध्ये बनवून दिले. गाडी थोडी कडक झाली, पण चार वर्षं तक्रार नाही. बेअरिंग, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट हे अजून मिळतं. पण हेडलाइट? मागच्या लाल दिव्याचं भिंग? डॅशबोर्डवरची एसीची जाळी? मीटरचा सर्किट बोर्ड? चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरला पटणारी चिपची चावी? हे कुठला लेथवाला तासणार?

हे येतं दुसऱ्या पॅलिओतून. १.२, डिझेल, पेट्रा, अ‍ॅडव्हेंचर, सगळ्या एकाच कुटुंबातल्या. काचा, दारं, आतलं सामान बरंचसं एकमेकींना बसतं. म्हणजे एक १.२ भंगारात गेली की कुठेतरी एक १.६ आणखी काही वर्षं जगते. आधी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात चक्कर मारली तर नशिबानं काहीतरी हाती लागायचं. महापालिकेनं २०१७ मध्ये तो उठवला. आता मालेगाव, नाहीतर थेट कुर्ल्याचा सीएसटी रोड. गाडी कुर्ल्यात जन्मली आणि तिचे अवयवही तिथेच मिळतात.

आत्ता या गाड्या भंगारात जातायत म्हणून पार्ट आहेत. पाच-सात वर्षांत १.२ संपतील. मग १.६ उरतील त्या दोनशे असोत की पाचशे, त्यांचा भाव चढेल, कारण दुर्मिळता आली. आणि त्याच दिवसापासून मालक त्या कापडाखाली झाकून ठेवतील. मुंबईच्या काळी-पिवळी पद्मिनींचं तसं झालं नाही. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, पण तोवर पन्नास वर्षं लाखो पार्ट बाजारात फिरत होते. शिवाय त्या गाडीत प्लास्टिक नाही, चिप नाही, कार्बुरेटर उघडून फुंकर मारली की झालं. आजही नाशिकच्या लग्नात नवरदेव पद्मिनीतून येतो आणि ती चालू होते. पॅलिओ त्या वाटेनं जाणार नाही. तिच्यात कॉम्प्युटर आहे, आणि जुना कॉम्प्युटर कुणी लेथवर तासत नाही.

पेट्रोलचाही विषय आहे. २०२५ पासून पंपावर सरसकट ई-२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल. २००२ च्या गाडीचे रबरी पाइप, गास्केट, पंपाची सीलं त्यासाठी बनलेली नाहीत. मी सगळे इंधन पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे टाकून घेतले आणि गाडी महिनाभर उभी राहू देत नाही. गंमत म्हणजे हिचीच ब्राझीलची बहीण उसाच्या अल्कोहोलवर आनंदानं धावायची. फियाटनं तिथे १९७९ मध्येच पूर्ण इथेनॉलवर चालणारी गाडी विकायला काढली होती. आपल्याला मात्र नाजूक पोटाची आली.

कागदांकडे वळू, कारण किंमत शेवटी तिथे ठरते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. माझी २०१७ आणि २०२२ ला झाली, आता २०२७. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची फी सहाशेवरून पाच हजार झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ती दहा हजार केली. वर हरित कर, फिटनेस, पेठ रोडच्या आरटीओतली एक अख्खी सकाळ. केंद्राच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण गाडी पन्नास वर्षांची झाल्यावर. माझी २०५२ मध्ये होईल. शिवाय तशी नोंदणी केली की ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. जगातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेचा, फिवाचा निकष तीस वर्षांचा आहे. त्या हिशोबानं २०३२. म्हणजे वीस ते पन्नास या वयात आपल्याकडे गाडी ना नवी ना वारसा. सरकारच्या लेखी ती नुसती धूर सोडणारी जुनी गाडी, आणि त्याच वयात बहुतेक गाड्या तुटतात.

कशा तुटतात तेही सांगते, कारण हे मी स्वतःच्या सहीनं करते. पॉलिसीतली गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या तक्त्यानं उतरते : दुसऱ्या वर्षी वीस टक्के, पाचव्या वर्षी पन्नास. त्यापुढे मालक आणि कंपनीनं आपसात ठरवायची. कंपनीचा संगणक मात्र पंधरा वर्षांच्या पॅलिओला पन्नास-साठ हजार म्हणतो आणि एजंट ‘ठीक आहे मॅडम, प्रीमियम कमी येतोय’ म्हणून मोकळा होतो. आता नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. साठ हजाराच्या गाडीला ते पंचेचाळीस. समोरून एक टेम्पो घासला : बंपर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, रंग. संपली. इंजिन ठणठणीत, चॅसी सरळ, आणि मी कागदावर तिला मृत जाहीर करते. माझ्या हातून गेलेल्यांत एक अशीच होती, उत्तम अवस्थेतली सिएना. मालकाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

म्हणून १.६ घेणार असाल तर पॉलिसी करताना भांडा. सर्व्हिसच्या पावत्या, फोटो, बाजारात मागितल्या जाणाऱ्या किमतीचे पुरावे घेऊन बसा आणि आयडीव्ही वाढवून घ्या. प्रीमियम हजार-दीड हजार जास्त जाईल. जी कंपनी ऐकत नाही तिला सोडा.

कोणती घ्यावी? मला विचारलं तर नुसती चालवायची असेल तर २००७ नंतरची पॅलिओ स्टाइल १.६. इंजिन त्याच घरचं, पण रबर आणि वायरिंग पाच-सहा वर्षं तरुण. चेहरा मला आवडत नाही, पण घाटात चेहरा आपल्याला दिसत नसतो. जुजारोचा पहिला चेहरा हवा असेल तर २००१ ते ०४ मधली जीटीएक्स, आणि तिच्यात आधी बघायचं ते इंजिन नव्हे : दोन्ही चाव्या चालतात का, चारही काचा वर जातात का, मागचे दिवे मूळचे आहेत का, हेडलाइट आतून पिवळे पडलेत का. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा आणि घरी नेण्याआधी बदला. पत्रा गंजलेला असेल तर दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांच्या कमानी चाचपा. एसी चालू करून दहा मिनिटं जागेवर उभी करा आणि पंखा फिरतो का ते ऐका. धूर, आवाज, पिकअप हे सगळं मेकॅनिकला कळेल. बटणं तुमची तुम्हीच दाबा.

ज्यांना खरोखरच पैसा करायचाय त्यांना माझं मत पटणार नाही, तरी देते. पुढच्या वीस वर्षांत फियाटच्या कुर्ल्यानंतरच्या कारखान्यात, पुण्याजवळ रांजणगावात बनलेल्या इटालियन गाड्यांपैकी कुठली लिलावात जाईल तर ती २०१५ ची अबार्थ पुन्टो. १.४ टी-जेट, १४५ घोडे, विंचवाचं चिन्ह, थोड्याच बनल्या, आणि मालकांनी पहिल्या दिवसापासून जपल्या. तिच्यात जपण्याचं वेड आधी आलं. पॅलिओत ते उशिरा आलं, अर्ध्या गाड्या तुटून गेल्यावर.

गुण द्यायचे तर : घाटात दहापैकी नऊ, शहरात चार, पंपावर तीन, पार्ट मिळण्यात आज पाच आणि दरवर्षी अर्धा कमी. माझी विकायची नाही, पंपावरच्या पोरांना तेच सांगितलं. मात्र तुमच्या ओळखीत, सिन्नर, ओझर, निफाड, कुठेही, कुणाच्या अंगणात १.२ पॅलिओ उभी राहून गंजत असेल आणि भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला असेल, तर त्याला चार दिवस थांबवा. मागचे दोन्ही दिवे, डाव्या बाजूचा हेडलाइट आणि ड्रायव्हर दाराचं काचेचं बटण मी घेते. पैसे रोख, आणि काढायला पाना माझा मी आणते.